नऊशे सेकंद

शेवंती घाडीला घोणस चावली तेव्हा दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. काजूच्या बागेत पाचोळा ओढताना उजव्या अंगठ्याच्या मागे सुईसारखं काहीतरी टोचलं आणि लगेच पाचोळ्यातून कुकरच्या शिटीसारखा फूत्कार ऐकू आला. शेवंती अडतीस वर्षांची, हाडापेरानं मजबूत बाई. ती ओरडली नाही. हात छातीशी धरून बांधापर्यंत चालत आली आणि तिथेच खाली बसली.

त्याच वेळी तिथून तीस किलोमीटरवर, देवसर गावात बेकरीच्या वरच्या मजल्यावर हेमांगी तोरसकर जेवणाचा डबा उघडत होती. या दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं.

शेवंतीच्या दिरानं, बाबलनं, आशाताईंना हाक मारली. आशाताई म्हणजे वाडीच्या आरोग्यसेविका, सुगंधा परब. त्या शेजारच्याच घरी एका तान्ह्या मुलाच्या लशीची नोंद फोनवर करून उठतच होत्या. धावत आल्या, शेवंतीचा हात फळकुटाला बांधला आणि बारा एकोणीसला फोनवर विषावरच्या औषधाचा साठा दाखवणारं ‘उतारा’चं पान उघडलं. साप कोणता, चावून किती वेळ झाला, रोग्याचं नाव काय, एवढं भरून त्यांनी बोट उचललं न उचललं तोच हिरव्या पट्टीत ठळक अक्षरं उमटली : ‘निरवाडी आरोग्य केंद्र, १० कुप्या. शेवंती घाडी यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत.’

वाडीच्या उत्तरेला नऊ किलोमीटरवर निरवाडी, दक्षिणेला चौदा किलोमीटरवर शिरघळ. बाबलनं रिक्षा उत्तरेला वळवली.

निरवाडीच्या केंद्रात नर्सनं मान हलवली. “कुप्या सव्वाबाराच्या आधीच संपल्या हो. एका लाकूडवाल्याला दिल्या.” सुगंधाताईंनी फोन तिच्यापुढे धरला. वाटेत रेंज नव्हती, ती आता आली असावी. कारण दोघी पट्टीकडे बघत असतानाच तिच्यातली अक्षरं बदलली : ‘निरवाडी, ० कुप्या. शिरघळ, १६ कुप्या.’

“हे काय?” सुगंधाताई म्हणाल्या. “आत्ता तर दहा होत्या!”

बाबल रिक्षाकडे पळाला. ते उलटे फिरले. स्वतःच्या वाडीवरून, त्याच बांधाशेजारून ते शिरघळला गेले. शेवंतीला पहिलं इंजेक्शन मिळालं तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. तोवर तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. जीव वाचला. मूत्रपिंडं मात्र बंद पडली ती पडलीच.

*

२०४३ सालापर्यंत सापाच्या विषावरचं औषध बरंच सुधारलं होतं. एकाच जातीच्या सापाचं विष कोकणात एक आणि घाटावर दुसरं असतं, हे ध्यानात घेऊन आता त्या त्या भागापुरतं औषध बनत असे. ते फार गुणकारी होतं, पण थोडंथोडंच तयार व्हायचं आणि दोन महिन्यांत नासायचं. त्यामुळे कुठल्याच केंद्रात मोठा साठा नसे. कुप्या सतत इकडून तिकडे फिरत. कोणत्या क्षणी कुठे किती आहेत हे सांगण्यासाठी ‘उतारा’ होतं. कुपी फ्रीजमधून बाहेर निघाली, की त्याच सेकंदाला देवसरच्या सर्व्हरला कळत असे.

तो सर्व्हर हेमांगीचा. म्हणजे मालकीचा नव्हे. एका कंपनीनं जिल्ह्यासाठी घेतलेलं ते काम होतं आणि हेमांगी तिथे अकरा वर्षं नोकरीला होती. पण सर्व्हरवर चालणाऱ्या फ्रेमवर्कमधला, म्हणजे त्याच्या कामाच्या चौकटीतला, नियम न् नियम तिनं लिहिला होता. तिच्या हाताखालची तीन माणसं एकेक करून गेली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. जिल्ह्यात कुठेही काही अडलं की हेमांगीचा फोन वाजे. नवऱ्याच्या दहाव्याच्या दिवशीसुद्धा तिनं नदीच्या घाटावर लॅपटॉप उघडला होता. त्यालाही आता सहा वर्षं होऊन गेली होती.

फोनवर दिसणाऱ्या पानाला दोन डोकी असतात. एक लांब, सर्व्हरपाशी. खऱ्या नोंदी त्याच्याकडे असतात. काय द्यायचं, काय नाकारायचं, हे तेच ठरवतं. दुसरं डोकं म्हणजे त्या पानाबरोबर फोनमध्ये उतरणारी स्क्रिप्ट. ती जवळ असते, म्हणून चपळ असते. बटण दाबलं की रंग बदलणं, चुकीचा आकडा तिथल्या तिथे पकडणं, पान न हलवता मजकूर बदलणं ही तिची कामं. पण तिच्याकडे स्वतःचं ज्ञान असं काही नसतं. विचारायचं झालं तर तिला सर्व्हरलाच विचारावं लागतं. आणि डोंगराच्या घळींतल्या वाड्यांतून प्रश्न जाऊन उत्तर परत यायला कधी बारा, कधी वीस सेकंदं लागत.

ती वीस सेकंदं शाल्मलीनं पुसून टाकली होती.

शाल्मली ही हेमांगीची एकुलती एक मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. त्याच ऑफिसात, आईच्या समोरच्या टेबलावर बसून तिनं स्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे कुठल्याही पानाला जोडता येईल असा तयार संच, लिहिली आणि तिला नाव दिलं ‘चाहूल’. सर्व्हरला आजवर विचारलेले लाखो प्रश्न आणि त्यानं दिलेली उत्तरं पाहून चाहूल त्याचा स्वभाव शिकत असे. मग त्या स्वभावाची एक लहानशी प्रत फोनमध्ये वस्तीला राही. माणसानं काही विचारलं, की खरं उत्तर यायच्या आधीच ती प्रत सांगून टाकी की सर्व्हर बहुधा असं म्हणेल. मागाहून खरं उत्तर आलं आणि ते वेगळं असलं, तर ती गुपचूप दुरुस्त करी. दहा हजार वेळा विचारलं तर चार वेळा चुके.

दोन वर्षांत चाहूल राज्यभर पसरली. बँका, शाळा, तिकिटं, दवाखाने, सगळीकडे. पडद्यावर गरगरणारं चाक लोक विसरून गेले. कुठे दोन सेकंद थांबावं लागलं तर माणसं फोन झटकून पाहत. सुरुवातीला चाहूल आपला अंदाज फिक्या राखाडी अक्षरांत दाखवी आणि खरं उत्तर आलं की अक्षरं काळी होत. ‘राखाडी वाचायला त्रास होतो’ अशा तक्रारी आल्या. कंपनीनं सांगितलं आणि शाल्मलीनं राखाडी रंग काढून टाकला.

अंदाजावर किती वेळ विसंबायचं, ते मात्र सर्व्हर ठरवी. प्रत्येक उत्तराबरोबर तो एक आकडा पाठवे : इतक्या सेकंदांच्या आत पुन्हा काही विचारायचं असेल, तर मला विचारू नका, चाहुलीलाच विचारा. हेमांगीनं तो आकडा दोन ठेवला होता.

*

चौकशी तिसऱ्याच दिवशी सुरू झाली. जिल्ह्यानं डॉ. निकुंभ नावाच्या एका निवृत्त बाईंना नेमलं. त्यांनी सुगंधाताईंचा फोन ताब्यात घेतला, निरवाडीच्या फ्रीजची नोंद पाहिली आणि पहिल्याच बैठकीत शाल्मलीला विचारलं, “बारा तेराला शेवटच्या कुप्या निघाल्या. सर्व्हरला ते तेव्हाच कळलं. मग बारा एकोणीसला फोननं दहा कुप्या आहेत असं का सांगितलं?”

“चाहुलीनं अंदाज सांगितला,” शाल्मली म्हणाली. “खरं उत्तर यायला हवं होतं. ते तिनं मागवलंच नाही.”

“का नाही मागवलं?”

“माहीत नाही. शोधतेय.”

“आणि राखून ठेवल्या आहेत, असं कुणी लिहिलं?”

शाल्मली खाली बघत राहिली. “तेही अंदाजानंच. सर्व्हर एरवी हो म्हणतो, म्हणून.”

“म्हणजे त्याच्या वतीनं तुम्ही शब्द दिलात,” डॉ. निकुंभ म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. हेमांगी मुलीशेजारीच बसली होती. तिला काहीच विचारलं गेलं नाही. सर्व्हरची नोंद चोख होती.

त्या दुपारी ऑफिसात परत आल्यावर तिनं आपल्या नोंदी उघडल्या. खरं तर बैठकीतच, ‘मागवलंच नाही’ हे शब्द ऐकताना तिचं लक्ष एका आकड्याकडे गेलं होतं. फ्रेमवर्कमध्ये कुणी, कधी, काय बदललं याचं टिपण आपोआप होत असतं. ते वाचायची मुभा फक्त तिला होती. गेल्या सतरा ऑगस्टची ओळ तिला सापडली. विसंबायची मुदत : आधी २, आता ९००. बदल करणारी व्यक्ती : हे. तोरसकर.

तिला सगळं आठवलं. त्या आठवड्यात एकाच वेळी चार तालुक्यांतून प्रश्न येत होते आणि सर्व्हर धापा टाकत होता. फोन वेळी-अवेळी वाजत होता. दोन वेळा तिनं मोठ्या सर्व्हरची मागणी लिहून दिली होती, दोन्ही वेळा ‘पुढच्या तिमाहीत बघू’ असं उत्तर आलं होतं. एका संध्याकाळी भाजी चिरता चिरता लॅपटॉप ओट्यावर ठेवून तिनं दोनाचे नऊशे केले. पंधरा मिनिटं. चार दिवसांपुरतं, असं स्वतःशी म्हणाली. सर्व्हरवरचं ओझं तीन चतुर्थांशानं उतरलं. फोन वाजायचा थांबला. त्या दिवसापासून ती किती महिन्यांनी सलग झोपू लागली होती! चार दिवस झाल्यावर आकडा परत दोनवर आणायचं तिला आठवलं नाही, असंही नाही. दोनदा आठवलं. दोन्ही वेळा तिनं तो विषय मनातून बाजूला सारला.

बारा दहाला सुगंधाताईंनी लशीची नोंद केली तेव्हा त्यांच्या फोनचं सर्व्हरशी बोलणं झालं होतं. त्यानंतर पंधरा मिनिटं विचारायची गरज नाही, असं सर्व्हरनंच सांगून ठेवलं होतं. नवव्या मिनिटाला चाहुलीनं विचारलं नाही. तिनं सांगितल्याबरहुकूम केलं.

हेमांगीनं तो आकडा दोन केला, लॅपटॉप मिटला आणि घरी गेली. कुणालाही काही बोलली नाही.

*

आठवडा गेला. मोकाशी हे कंपनीचे इथले प्रमुख. ते हेमांगीच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. शाल्मली त्या दिवशी आली नव्हती.

“चाहूल काढून टाकतो असं जिल्ह्याला कळवलंय,” ते म्हणाले. “म्हणजे प्रकरण तिथंच मिटेल. सर्व्हरकडे बोट दाखवणारं काही नाही ना तुमच्याकडे?”

हेमांगीनं लॅपटॉपचं झाकण खाली केलं. मोकाशींनी तिच्याकडे नीट बघितलं. मूर्ख माणूस नव्हता तो.

“तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, तोरसकर मॅडम. शाल्मली तरुण आहे. सहा महिने नाव खराब राहील, मग दुसरीकडे लागेल. तिच्यासारखी मुलं मिळत नाहीत. पण तुम्ही आत्ता उठलात तर हे सगळं कोण सांभाळणार? चार तालुके आहेत.” ते उठले. “मी तुम्हाला काही विचारलेलं नाही, आणि तुम्ही मला काही सांगितलेलं नाही.”

ते गेल्यावर हेमांगीनं लॅपटॉप पुन्हा उघडला. सतरा ऑगस्टची ती ओळ पुसायला एक आज्ञा पुरली असती. कुणालाही कळलं नसतं. तिला राग यावा, लाज वाटावी असं वाटत होतं, पण वाटत होता फक्त शीण. बेकरीतून खारीचा वास वर येत होता. तिनं ओळ पुसली नाही, कुणाला दाखवलीही नाही. खिडकी लावून घेतली आणि घरी आली.

शाल्मली स्वयंपाकघराच्या फरशीवर, भिंतीला टेकून बसली होती. समोर लॅपटॉप. सकाळचा चहा साय धरून तसाच. तिच्या भोवती कागद होते, त्यांवर तिच्या बारीक अक्षरात चाहुलीचा सगळा कोड हातानं उतरवलेला.

“हे काय?” हेमांगीनं विचारलं.

“पडद्यावर वाचून दिसत नाहीये ना. म्हटलं, लिहून काढताना दिसेल.” शाल्मलीचे डोळे सुजले होते. “आई, मी चौदा वेळा वाचला. प्रत्येक वेळी ती विचारते. सर्व्हर सांगतो ती दोन सेकंदं झाली की ती त्याला विचारतेच. मग त्या दिवशी का नाही विचारलं तिनं? मला माझी चूक सापडत नाहीये. म्हणजे ती किती खोल असेल बघ. आणि अशीच चूक माझ्या दुसऱ्या कामात कुठे असेल तर? चाहूल बँकांत आहे, दवाखान्यांत आहे. कुठेकुठे जाऊन शोधू मी?”

हेमांगी तिच्यासमोर फरशीवर बसली. तिचे गुडघे कुरकुरले.

“तुझी चूक नाहीये ती,” ती म्हणाली.

“आई, प्लीज. समजूत नको काढूस.”

“समजूत नाही काढत. मुदत नऊशे होती.”

शाल्मलीला पहिल्यांदा कळलंच नाही. “कसली?”

“विसंबायची मुदत. ऑगस्टपासून नऊशे सेकंदं. मी केली. फोन थांबावेत म्हणून.”

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. शाल्मलीनं हातातला कागद हळूच खाली ठेवला.

“तुला कधीपासून माहितीये?”

“पहिल्या बैठकीपासून.”

“म्हणजे आठ दिवस.”

“हो.”

“आठ दिवस मी इथे बसून हे,” तिनं कागदांवरून हात फिरवला, “आणि तू समोर बसून जेवत होतीस? मला वाढत होतीस?”

हेमांगीनं विखुरलेला एक कागद सरळ केला. ती म्हणाली, “मी फार दमले होते गं.”

“मग म्हणायचं होतंस!”

“कुणाला म्हणू?”

“मला!” शाल्मली ओरडली. “तुझ्या समोरच्या टेबलावर बसते मी. सहा फुटांवर. तू मला एकदा म्हणाली असतीस की शालू, माझ्याच्यानं आता होत नाही, तर मी चाहुलीला सर्व्हरवरचं ओझं वाटून घ्यायला शिकवलं असतं. आठवड्याचं काम होतं ते. तू मला विचारलंच नाहीस. मला काय येईल, मी काय म्हणेन, सगळं तू मनातल्या मनात ठरवून टाकलंस.”

ती उठून आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. हेमांगी कागदांमध्ये बसून राहिली. मग एकेक गोळा करून, पानांचे आकडे जुळवून तिनं त्यांचा गठ्ठा केला.

*

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिनं सतरा ऑगस्टची ओळ छापून डॉ. निकुंभांच्या हातात दिली. मोकाशींना आधी कळवलं नाही.

डॉ. निकुंभांनी चष्मा वर सरकवून कागद दोनदा वाचला. “हे तुम्ही आम्हाला दिलं नसतं तर मिळालं असतं का?”

“नाही.”

“मुदत दोनच असती तर काय झालं असतं?”

“फोननं सर्व्हरला विचारलं असतं. त्या वाडीत वीसेक सेकंदं लागली असती. मग शिरघळ असं उत्तर आलं असतं.”

“वीस सेकंदं,” डॉ. निकुंभ म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा थांबून म्हणाल्या, “मी सर्जन होते. तीस वर्षं. हात थरथरायला लागला की टेबल सोडायचं असतं, हे आम्हाला शिकवतात. तुम्हाला कुणी शिकवलं होतं का?”

“नाही.”

“हं. तेही लिहिते.”

अहवाल महिन्याभरानं आला. त्यात हेमांगीची चूक स्वच्छ लिहिली होती. मोठ्या सर्व्हरच्या दोन मागण्या आणि त्यांना मिळालेली उत्तरंही तारखांसकट छापली होती. राखाडी रंग कुणी काढायला लावला, तेही होतं. शेवटी एक शिफारस होती : अंदाज कुणीही सांगावा, पण ‘राखून ठेवलं’, ‘मंजूर झालं’, ‘मिळेल’ असे शब्द सर्व्हरचं उत्तर हातात आल्याशिवाय कोणत्याही पडद्यानं उच्चारू नयेत.

हेमांगीला कामावरून कमी केलं. मोकाशींची बदली झाली. चाहूल काढायची नाही, सुधारायची असं ठरलं आणि ते काम शाल्मलीकडेच राहिलं. अंदाज पुन्हा राखाडी झाले. चाक परत आलं. त्याखाली शाल्मलीनं साध्या शब्दांत लिहिलं : ‘खात्री करत आहोत. अजून निघू नका.’ पहिल्या पंधरवड्यात त्याविरुद्ध एकवीसशे तक्रारी आल्या. ‘तुमचं सॉफ्टवेअर मागासलेलं आहे,’ असं एकानं लिहिलं होतं.

शाल्मलीनं देवसरातच एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली. भांडली नाही. जाताना फक्त आपले कपडे आणि कागदांचा तो गठ्ठा घेऊन गेली. त्यानंतर तिचे निरोप यायचे ते कामाचे. ‘नियम सत्तेचाळीसमध्ये केंद्र बंद असेल तर काय करायचं लिहिलंय? कळत नाहीये.’ हेमांगी सविस्तर उत्तर लिही, मग निम्मं खोडून कामापुरतं ठेवी आणि पाठवी. एकदा शेवटी तिनं ‘जेवतेस ना वेळेवर?’ असं जोडलं. त्याला दोन दिवसांनी उत्तर आलं : ‘हो. तू?’

*

डायलिसिसचा कक्ष तालुक्याच्या गावी होता. हेमांगी तिथे एका मंगळवारी सकाळी दहाला पोचली. यायचं ठरवायला तिला दोन महिने लागले होते.

सहा खाटा होत्या. शेवंती घाडी खिडकीजवळच्या खाटेवर होती. डावा हात मशीनला जोडलेला, उजव्या हाताचा अंगठा अर्धाच उरलेला. चेहरा सुजून पिवळा पडला होता. हेमांगीनं फोटोत पाहिलेल्या बाईशी त्याचं फारसं साम्य नव्हतं.

“खंयसून इलास?” शेवंतीनं विचारलं. “हापिसातल्या काय? त्या डॉक्टरीणबाई येवन गेल्या मागे.”

“ऑफिसातलीच. म्हणजे होते.” हेमांगी उभीच राहिली. घरून निघताना जुळवलेली वाक्यं आता एकही आठवत नव्हती. “तुम्हाला निरवाडीला पाठवलं ना, ते माझ्यामुळे. फोननं विचारून खात्री करायला हवी होती. मी त्याला विचारू नको म्हणून सांगून ठेवलं होतं. एक आकडा बदलला होता मी.”

शेवंती छताकडे बघत होती. मशीनमधलं चाक फिरत होतं आणि नळीतून तिचं रक्त बाहेर जाऊन परत येत होतं.

“कित्याक बदललास?”

“दमले होते.”

शेवंतीनं उजवा हात उचलून अर्धा अंगठा पाहिला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा घोरत होते.

“मी फॅक्टरीत काजी फोडूक जाय तेव्हा,” ती म्हणाली, “हातांची सालां निघत. दमय तेव्हा मी बसय. पण टोपली भरली असा म्हणान कोणाक सांगूक नाय कधी.”

“नाही,” हेमांगी म्हणाली. “बरोबर आहे तुमचं.”

“माका माफी-बिफी मागू नकात. माका ता जमाचा नाय.”

“मागायला नाही आले.”

“मग कित्याक इलास?”

हेमांगीनं विचार केला. “तुम्हाला कुणीतरी फोन चुकला असं सांगितलं असेल. फोन नाही चुकला. माणूस चुकलं. ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून.”

शेवंतीनं मान वळवून तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. साडीपासून चपलांपर्यंत पाहिलं. मग पुन्हा खिडकीकडे वळली. बाहेर ॲम्ब्युलन्सच्या टपावर दोन साळुंक्या भांडत होत्या.

“बाबल माका सोडून रिक्षाचा भाडा मारूक जाता,” ती म्हणाली. “दोन वाजता न्हेऊक येता. चार तास ह्यां असा. पानी पिवक गावत नाय, उठूक गावत नाय. ह्या म्हाताऱ्याचा घोरना आयकत रव्हायचा.” ती थांबली. “तां स्टूल असा थंय. कोन बसत नाय तेच्यार.”

हेमांगीनं खाटेखालचं स्टूल ओढलं आणि बसली. थोड्या वेळानं शेवंतीची पांघरलेली चादर पायांवरून घसरली, ती हेमांगीनं वर ओढली. मग आणखी थोड्या वेळानं शेवंतीनं डोळे मिटले. हेमांगीच्या पर्समध्ये फोन एकदा थरथरला. तिनं काढून पाहिला नाही.

बाराच्या सुमारास नर्स रजिस्टर घेऊन आली. प्रत्येक खाटेपाशी थांबून रोग्याबरोबर कोण आहे ते लिहीत होती. शेवंतीच्या रकान्यात आजवर नावाऐवजी सगळ्या रेघा होत्या.

“तुम्ही यांच्याबरोबर?” तिनं विचारलं. “नाव सांगा. नातं काय?”

“हेमांगी तोरसकर,” हेमांगी म्हणाली आणि थांबली. नर्सचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं.

शेवंतीनं डोळे उघडले नाहीत.

“वळखीची, लिवा,” ती म्हणाली.